ठाणेदारीणबाई

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई कुणाच्याही घरी गेल्या की बसत. येणारा माणूस बसतो, त्यात काही विशेष नाही. पण बाई बसत आणि बोलत नसत. ओसरीवर, पडवीत, पाटावर, जिथे जागा मिळेल तिथे पदर नीट करून टेकायच्या आणि समोरच्या तुळशीकडे किंवा दोरीवरच्या लुगड्यांकडे बघत राहायच्या. घरातल्यांनी पाणी विचारलं तर पाणी घ्यायच्या. काय काम काढलं म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "काम काही नाही. सहज बसले आहे." त्या घरातली मुलगी दोन-चार दिवस शाळेत आलेली नसायची, किंवा पुढच्या वर्गात तिला घालायचं नाही असं वडिलांच्या मनात असायचं. हे बाईंना ठाऊक असायचं आणि वडिलांनाही. मग बाई बसून राहायच्या आणि वडील घरभर फिरत राहायचे.

असं ठाण मांडून बसतात म्हणून बुलढाण्यात कुणीतरी त्यांना 'ठाणेदारीणबाई' म्हटलं आणि तेच नाव गावभर झालं. खऱ्या ठाणेदाराला लोक भ्यायचे. या ठाणेदारीणबाई गल्लीत शिरताना दिसल्या की लोक हसायचे, पण हसता हसता आपली मुलगी कुठे आहे तेही पाहून घ्यायचे.

आमच्या घरी त्या आल्या तो दिवस मला आठवतो. माझे वडील कचेरीत कारकून. मुलीला मराठी शाळा पुरे, इंग्रजी शिकून ती काय डेप्युटी कमिशनर होणार, असं त्यांचं म्हणणं होतं. ते संध्याकाळी घरी आले तेव्हा बाई पडवीत बसलेल्या होत्या. वडिलांनी नमस्कार केला, आत गेले, कोट काढला, हातपाय धुतले, चहा घेतला. बाहेर डोकावून पाहिलं तर बाई पारिजातकाकडे बघत होत्या. वडील मागच्या दारी जाऊन आले, देवाजवळ दिवा लागला, शुभंकरोती झालं. बाई तिथेच. शेवटी वडील समोर येऊन उभे राहिले आणि कुणी काहीच विचारलेलं नसताना म्हणाले, "बरं, बरं. पाठवतो. पण इंग्रजीच्या नादानं घरकाम सुटता कामा नये."

"इंदू घरकाम सोडणारी मुलगी नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या. त्या संध्याकाळी त्या बोलल्या ते एवढंच वाक्य.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. शाळेचे कागद अमरावतीला जायचे, तिथून नागपूरला, आणि तिथे काय व्हायचं ते देव जाणे. बुलढाण्यात मुलींची शाळा होती, पण ती मराठी सातवीपर्यंत. पुढे हायस्कुलाचे वर्ग काढायचे असं ठरलं आणि त्यासाठी बाईंना धाडलं गेलं. त्या घाटावरच्या, वाईकडच्या. आमचा वर्ग म्हणजे पहिला वर्ग. आम्ही वर चढलो की आमच्यासाठी वरची इयत्ता उघडायची. आमच्या पुढे कधी कुणी मुली नव्हत्या. मोठ्या बहिणीचं पुस्तक किंवा वरच्या वर्गातल्या मुलींचा धाक, असलं काही आम्हांला ठाऊकच नव्हतं. शाळा आमच्याबरोबर वाढत होती आणि कधी कधी वाटायचं, आम्ही थांबलो तर ती तिथेच थांबेल.

शाळा भरायची जुन्या सराईमागच्या एका कौलारू घरात. पावसाळ्यात बुलढाण्याला धुकं उतरतं. ते घाटातून वर यायचं आणि सरळ खिडकीतून वर्गात शिरायचं. फळ्यावरची अक्षरं पुसट व्हायची, पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी तेवढी दिसायची. आम्ही खिडकी लावायला उठलो की बाई म्हणायच्या, "असू दे. त्याचं नाव पटावर नसलं म्हणून काय झालं?" आणि शिकवता शिकवता त्या स्वतःही मध्येच कुठेतरी निघून जायच्या. वाक्य अर्धं राहायचं, खडू हातात तसाच, नजर बाहेर. "बाई हरवल्या," आम्ही एकमेकींना खुणेनं सांगायचो आणि गप्प बसायचो. थोड्या वेळानं त्या परत यायच्या आणि जिथे वाक्य सुटलं होतं नेमकं तिथूनच ते पुरं करायच्या.

भूगोल त्या डोळे मिटून शिकवायच्या. त्यांचे आणि आमचेही. नकाशा एकच होता, तोही घडीवर फाटलेला. त्या म्हणायच्या, "मिटा डोळे. सर्व्हिस मोटार आली. चढा. पदर सांभाळा. आता राजूर घाट. कान गच्च झाले ना? हे मोताळं आलं. गरम लागतंय बघा, आपण खाली उतरलो." मलकापूरला आगगाडी, भुसावळला बदली, खंडव्याला पुन्हा बदली, असं करत त्या आम्हांला नर्मदेवर न्यायच्या. आमच्यापैकी बहुतेकींनी आगगाडी पाहिली नव्हती. तरी डोळे उघडल्यावर काही क्षण आम्हांला आपण कुठे आहोत ते कळायचं नाही.

बाईंच्या कपाळावर कुंकू असायचं, गळ्यात मंगळसूत्र असायचं, पण यजमान कधी कुणी पाहिले नव्हते. याबद्दल गावात पुष्कळ बोललं जायचं. कुणी म्हणे ते ब्रह्मदेशात आहेत, कुणी म्हणे साधू झाले. आमच्या आईनं एकदा हळदीकुंकवाला आडून विचारून पाहिलं, तर बाईंनी "अहो, तुमचा हा पारिजातक किती फुलतो!" म्हणून विषय संपवला होता.

माझी जिवाची मैत्रीण म्हणजे काशी. ती मोताळ्याच्या एका पाटलांची मुलगी, शिकायला बुलढाण्यात मामाकडे राहायची. तिचं लग्न लहानपणीच झालेलं, सासर साखरखेर्ड्याचं. नवरा श्रावण, शाळा मध्येच सोडून शेतीला लागलेला. काशी गणितात कच्ची, पण वाचायला बसली की हाक ऐकू न येणारी. तिला बोलायलाही फार लागायचं. "इंदू, मले मॅट्रिक झाल्यावर काय करायचं ते माहीत नाही," ती म्हणायची, "पण मले ते व्हायचं आहे बाप्पा."

मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीनंतर इन्स्पेक्ट्रेसबाई येऊन गेल्या. वर्गात आम्ही पाचजणी होतो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं, की पाच मुली परीक्षेला बसल्या तर वरचे वर्ग कायम होतील. त्याहून कमी बसल्या तर एवढ्यासाठी हायस्कूल चालवता येणार नाही. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी अमरावतीला जावं. अमरावतीला कुणाचे वडील पाठवणार होते? आमच्या मागच्या वर्गात तेव्हा बऱ्याच मुली झाल्या होत्या. त्या दाराशी गर्दी करून हे ऐकत होत्या.

आणि संक्रांतीला काशी सासरी वाणाला म्हणून गेली ती परत आलीच नाही. मामांकडे निरोप आला, 'पोरगी आता इथंच नांदेल.'

बाईंनी निरोप ऐकला आणि नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघितलं. मग त्या संध्याकाळी आमच्या घरी आल्या. या वेळी बसल्या नाहीत. उभ्यानंच वडिलांना म्हणाल्या, "मी साखरखेर्ड्याला जाते आहे. इंदूला बरोबर द्याल का? काशीला बरं वाटेल." वडील एकदम हो म्हणाले. बाईंना उभं पाहून ते घाबरले असावेत, असं आई पुढे कैक वर्षं सांगायची.

चिखलीपर्यंत आम्ही सर्व्हिस मोटारीनं गेलो. पुढे दमणी, बसायची हलकी बैलगाडी. रस्ताभर दोन्ही बाजूंनी तूर उभी होती आणि उन्हात तिचा वास सुटला होता. बैलांच्या घुंगरांच्या नादात मला पेंग येत होती. मध्येच मी विचारलं, "बाई, तुम्ही त्यांना काय सांगणार?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तिथे गेल्यावर कळेल."

काशीचं सासर म्हणजे मोठं खटलं. अंगणात जवारीची कणसं पसरलेली, गोठ्यात दुभती जनावरं. काशीची सासू, पाटलीणबाई, उंच, सावळी, आवाज खणखणीत. तिनं आम्हांला पाहिलं मात्र, तिला सगळं समजलं. पण दारी आलेलं माणूस. "या बाई, बसा," ती म्हणाली. बाई बसल्या.

तो दिवस तसाच गेला. पाटलीणबाई वाट पाहत होती, या आता विषय काढतील, मग काढतील. बाईंनी सुपातल्या तुरीच्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला घेतल्या. काशी स्वयंपाकघराच्या दाराआडून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे सुजलेले होते. जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पुन्हा शेंगा घेतल्या. शेजारपाजारच्या बाया येऊन बघून गेल्या. श्रावण शेतातून आला, लाजून दारातूनच परत गेला. खांदे रुंद, चेहरा पोरसवदा. आईपुढे त्याचा शब्द निघत नव्हता.

दुपारी ऊन कललं तेव्हा पाटलीणबाईनं हातातलं सूप खाली आदळलं.

"बाई, तुम्ही बोलत काऊन नाही? पोरीले न्यायले आल्या न तुम्ही?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मंग मागा न! मागाल तं म्या नाही म्हणीन. हे काय नुसत्या शेंगा सोलून राह्यल्या?"

बाईंनी पुढची शेंग उचलली. पाटलीणबाई त्यांच्यासमोर येऊन बसली. बराच वेळ त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली. मग जे विचारायला बुलढाण्यात कुणाची छाती झाली नव्हती ते तिनं सरळ विचारलं.

"तुमचे मालक कोठी असते?"

बाईंनी हातातली शेंग पुरती सोलली, दाणे सुपात टाकले.

"मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मी काशीएवढी होते. एक दिवस ते मला माहेरी सोडून गेले. नेतो म्हणाले होते. आले नाहीत."

अंगणात चिमण्या कणसांवर उतरल्या होत्या. त्यांना कुणी हाकललं नाही.

"तुमच्या शिकण्यापायी?" पाटलीणबाईनं विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"नाही. मला तेव्हा सही करता येत नव्हती. शिकले ते मागाहून. भावाच्या घरी किती दिवस राहणार होते?"

पाटलीणबाईनं आपलं सूप बाजूला सारलं. मग अंगणाकडे बघत, आमच्याशी बोलत नसल्यासारखी ती बोलायला लागली. "माह्या पोराले चार बुकं येत नाही. जनावरात राह्यते, मातीत राह्यते. पण माया करते बाई, लय मायाळू आहे. हे पोरगी उद्या मॅट्रिक झाली, अन् तिले तो गावंढळ वाटला तं? ते त्याले इचारनार नाही. तुमचे मालक तुम्हाले सोडून गेले. हे माह्या पोराले सोडून गेली तं म्या कोनाच्या दारी जाऊ? सांगा. खरं सांगा मले. ते त्याले सोडनार नाही, असं तुम्ही म्हणाल काय?"

मी बाईंकडे बघत होते. मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा ना बाई, नाही सोडणार म्हणा. एवढं एक वाक्य म्हटलं की काशी सुटेल, शाळा वाचेल. दाराआड काशीची बांगडी वाजली.

"असं मी म्हणू शकत नाही," बाई म्हणाल्या. "मला तिच्या पुढच्या आयुष्यातलं काय दिसणार? मला एवढंच दिसतं की तिला हे मनापासून हवं आहे."

माझं तोंड पडलं. संपलं, असंच मला वाटलं. पाटलीणबाई उठली, आत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काशीची पेटी होती.

"तुम्ही हो म्हटलं असतं न, तं आत्ताच गाडी जुंपाले लावली असती अन् तुम्हाले वाटेले लावलं असतं," ती म्हणाली. "खोटं म्हणाले काय लागते! घेऊन जा पोरीले. पण म्या संग येतो. परीक्षा होईलोक म्या तिच्यापाशी राहीन. मले पाहू द्या, तुम्ही पोरीयले काय करता तिथी."

काशी दारातून बाहेर आली आणि सासूच्या पायाशी बसून रडायला लागली. "रडू नको वं," पाटलीणबाई म्हणाली, "डोये गेले तं वाचशील कशानं?"

अशी पाटलीणबाई आमच्याबरोबर बुलढाण्याला आली आणि खरोखरच वर्गात येऊन बसायला लागली. मागच्या बाकापाशी भिंतीला टेकून, मांडीवर तंबाखूची चंची. इंग्रजीच्या तासाला तिला झोप यायची. गणिताला ती काशीकडे डोळे वटारून बघायची. पण भूगोलाला बाईंनी "मिटा डोळे" म्हटलं की सगळ्यांच्या आधी तिचे डोळे मिटायचे. एकदा खंडव्याच्या फलाटावर आमची मनातली गर्दी झाली तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "धक्के मारू नका वो!" आम्ही हसून लोळलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गाडी पुढे नेली, ओंकारेश्वराच्या घाटापर्यंत, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत. "वाका. हात बुडवा." मी चोरून डोळे उघडले. पाटलीणबाई भिंतीपाशी वाकली होती आणि जमिनीवर टेकवलेली ओंजळ तिनं उचलून कपाळाला लावली. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खिडकीतून माघाचं कोवळं ऊन आत आलं होतं. पुढे मी खरी नर्मदा पाहिली, पण माझ्या मनात नर्मदा म्हटली की ती वर्गातली जमीन, ते ऊन आणि ती ओंजळ येते.

परीक्षा अकोल्याला. आम्ही पाचजणी, बाई आणि पाटलीणबाई, एका धर्मशाळेत उतरलो होतो. पाटलीणबाई रोज पहाटे भाकरी थापायची. पेपर सुटेपर्यंत परीक्षेच्या इमारतीबाहेर उन्हात उभी राहायची. निकाल लागला तेव्हा आम्ही तिघी पास झालो. एक नापास झाली आणि काशीही गेली, गणितात. काशीनं निकाल ऐकला आणि ती साखरखेर्ड्याला नांदायला गेली. मी रडले. ती रडली नाही. म्हणाली, "मी बसली न पण."

पाचजणी बसल्या होत्या, त्यामुळे वर्ग कायम झाले. दाराशी गर्दी करून ऐकणाऱ्या मुली वर आल्या, त्यांच्या मागच्या त्यांच्याही वर आल्या. पण वर्ग कायम झाल्याचा हुकूम आला त्याच सुमारास बाईंच्या बदलीचाही आला. बिलासपूर, प्रांताचं पार दुसरं टोक. तिथेही म्हणे मुलींच्या शाळेला वरचे वर्ग काढायचे होते.

आम्ही सगळ्या मोटारस्टँडवर गेलो. पाऊस नव्हता, पण धुकं होतं. मी हट्टानं म्हटलं, "बाई, तुम्ही साहेबांच्या बंगल्यावर जाऊन बसा ना. ते बदली रद्द करतील."

त्या हसल्या. "स्वतःसाठी बसता येत नाही ग. लगेच पाय दुखायला लागतात." मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "आता इथल्या मुली तुम्ही बघा." मोटार निघाली. घाटाच्या वळणापर्यंत तिचा आवाज येत होता, मोटार मात्र केव्हाच दिसेनाशी झाली होती.

त्यानंतर बाई मला एकदाच भेटल्या. मी आमच्याच शाळेत शिक्षिका झाले होते आणि कामासाठी नागपूरला गेले होते. लढाई संपून थोडे दिवस झाले होते. बाई नोकरीतून मोकळ्या होऊन तिथल्या महाल भागात एका खोलीत राहत होत्या. केस पांढरे झाले होते, पण मला त्यांनी लगेच ओळखलं. चहा झाला. शाळेबद्दल त्यांनी फारसं विचारलं नाही. आता नव्या इमारतीत भरते म्हटलं, तर "हो का?" म्हणाल्या आणि हरवल्या. मी पूर्वीसारखीच गप्प बसून राहिले. खाली गल्लीत कल्हईवाला ओरडत होता.

"इंदू," त्या म्हणाल्या, "काशीचं कसं आहे?"

"बरं आहे. दोन मुली झाल्या. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या."

"आणि तो? तिचा नवरा?" त्या पुढे झुकल्या. "त्याला ती नीट वागवते का? मला त्याची फार काळजी लागून राहिली होती. त्याच्या आईला मी काही शब्द देऊ शकले नव्हते."

इतकी वर्षं हे त्यांच्या मनात असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी सांगितलं, दोघं भांडतात. काशी त्याला बोलते, आता तोही तिला बोलायला शिकला आहे. पण कापूस घेऊन खामगावला जायचं असलं की तो आधी दमणीत तिची गादी घालतो. अडत्याशी बोलायचं ते काशी बोलते, तो बाजूला उभा राहून ऐकतो. आणि परतताना गावातल्या लोकांना सांगत येतो, 'आमची घरची आज अडत्याले काय बोलली माहीत आहे काय!'

बाई हसायला लागल्या. त्यांना असं आवाज करून हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई."

मग त्यांनी मला आग्रहानं जेवायला ठेवून घेतलं.